येलदरी रस्त्याची फेरी

२०२१ च्या दसऱ्याला माझा धाकटा भाऊ आणि मी मिळून परभणी जिल्ह्यातील जिंतूरमध्ये एका कुरिअर कंपनीची पार्सल वाटपाची एजन्सी घेतली आणि २०२४ च्या जूनमध्ये ती परत केली. या दोन वर्षे आठ महिन्यांत वाटपाचे काम भाऊ आणि आमच्याकडची चार मुले करीत असत. ग्राहकांना फोन करणे, रोकड मोजणे, परतीचा माल नोंदवणे आणि महिन्याचे बिल तयार करणे ही कामे माझ्याकडे होती. माझे शिक्षण बी.कॉम.पर्यंत झालेले असल्याने पहिल्या दिवसापासून मी एक लांब वही घातली होती. कंपनीच्या अ‍ॅपमध्ये सगळ्या नोंदी होत असल्या तरी कोणत्या पार्सलामागे आमचा किती पैसा गेला, हे त्या अ‍ॅपमध्ये कोठेही दिसत नसे. ते फक्त या वहीत आहे आणि त्या वहीच्या आधारानेच मी हे लिहीत आहे.

बसस्थानकाजवळ महिना साडेचार हजार भाड्याची एक खोली घेतली. अनामत म्हणून कंपनीकडे पन्नास हजार रुपये भरले. लोखंडी मांडण्या, वजनकाटा, दोन कॅमेरे, इंटरनेट आणि बारकोड वाचणारे मोबाइल यांवर आणखी तेवढेच गेले. करारातील दर असे होते: शहरात पोचलेल्या पार्सलाला १४ रुपये, शहराबाहेर पोचलेल्या पार्सलाला १९ रुपये. त्या वाक्यातील 'पोचलेल्या' या शब्दाकडे आम्ही दोघांनीही तेव्हा पुरेसे लक्ष दिले नाही. रोज शंभर पार्सले येतील, म्हणजे दीड हजार रुपये येतील, असा आमचा सरळ गुणाकार होता. पार्सल पोचले नाही तर त्यामागे झालेल्या फेरीचा एक पैसाही मिळणार नव्हता, आणि करारानुसार जिंतूरचा पिनकोड आणि त्याला जोडून दिलेली सगळी गावे, यांतले एकही न वगळता, आमच्यावर बंधनकारक होती.

पिनकोडाविषयी येथे दोन शब्द लिहिले पाहिजेत, कारण आमच्या पुढच्या सगळ्या अडचणी या सहा आकड्यांतून सुरू झाल्या. श्रीराम भिकाजी वेलणकर यांच्या कल्पनेतून आलेली ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ पासून देशात लागू झाली. पहिला आकडा देशाचा विभाग सांगतो आणि शेवटचे तीन आकडे वाटप करणाऱ्या डाकघरापर्यंत नेतात. जिंतूरचा ४३१५०९ हा क्रमांक पत्राला जिंतूरच्या डाकघरात आणून सोडतो; तेथून पुढे गावोगावची शाखा डाकघरे आणि त्या गावात किंवा शेजारच्या गावात राहणारा ग्रामीण डाकसेवक ते पत्र घरी नेतो. माझे वडील मासिके आणि पुस्तके व्हीपीपीने, म्हणजे पाकीट हाती आल्यावर पोस्टमनला पैसे देण्याच्या पद्धतीने, मागवीत, तेव्हा पोस्टमन ओट्यावर बसून पाणी पिऊन पैसे घेऊन जात असे, आणि घरी पैसे नसले तर 'उद्या द्या' म्हणून पाकीट परत नेत असे. त्याला उद्याही त्याच गल्लीत यायचेच असे. ऑनलाइन खरेदीच्या कंपन्यांनी डाकखात्याचे आकडे जसेच्या तसे घेतले. मात्र त्या आकड्यांच्या टोकाला उभा असलेला गावातला माणूस त्यांच्याकडे नव्हता. त्याच्या जागी आमची एक मोटारसायकल होती.

सकाळी साडेसहाच्या सुमारास परभणीहून व्हॅन येत असे. पिशव्यांचे सील तपासायचे, पिशवी फोडून एकेक पार्सल स्कॅन करायचे, यादीपेक्षा कमी निघाले तर व्हॅनचा चालक उभा असतानाच तशी नोंद करायची, कारण तो गेल्यावर कमी पडलेले पार्सल आमच्या नावावर चढत असे. त्यानंतर शहर, जालना रस्ता, परभणी रस्ता, औंढा रस्ता आणि येलदरी रस्ता असे ढीग लावले जात आणि प्रत्येक मुलाची रनशीट, म्हणजे त्या दिवशीच्या फेरीची यादी, निघत असे. व्हॅनच्या चालकाने एकदा सहज सांगितले की त्याच्या गाडीचे दिवसाचे भाडे अठराशे रुपये आहे आणि गाडीत अडीचशेच्या आसपास पार्सले असतात. मी वहीच्या मागच्या पानावर भागाकार केला, तेव्हा परभणी ते जिंतूर या सुमारे पंचेचाळीस किलोमीटरला पार्सलामागे सात रुपये पडत होते. भिवंडीच्या गोदामातून निघणाऱ्या मोठ्या ट्रकमध्ये हा आकडा किलोमीटरमागे याहूनही कितीतरी कमी असणार. एकत्र जाणारा माल स्वस्तात जातो. जिंतूरच्या खोलीत तो ढिगांत विभागला गेला की तेथून पुढे प्रत्येक पार्सल एकटे होते.

२०२३ च्या मार्चमध्ये, सलग तीन महिने तोटा आल्यावर, मी प्रत्येक रस्त्याचा हिशेब वेगळा मांडायला घेतला. त्या वेळी आमच्या जिल्ह्यात पेट्रोल लिटरला १०९ रुपयांच्या आसपास होते. मनमाडजवळच्या पानेवाडीच्या डेपोतून टँकर इतक्या लांब येतो, म्हणून परभणीचे पेट्रोल राज्यात सर्वांत महागांपैकी असते, हे येथे शाळकरी मुलालाही ठाऊक आहे. मोटारसायकल लिटरला पंचेचाळीस किलोमीटर धरली तर किलोमीटरला २ रुपये ४० पैसे पेट्रोल लागते. टायर, ऑइल, चेन, ब्रेक यांसाठी मी ८० पैसे धरले. एकूण ३ रुपये २० पैसे झाले. आम्ही मुलांना रोजाने पैसे देत होतो आणि त्यावर किलोमीटरमागे ३ रुपये २० पैसे त्यांच्या गाडीचे म्हणून वेगळे देत होतो. पार्सलामागे पैसे देण्याची पद्धत बहुतेक ठिकाणी आहे, परंतु भावाला ती पटली नाही, कारण ग्राहक घरी नसल्याचा भुर्दंड मग सरळ मुलाच्या अंगावर पडतो.

शहरातील मुलगा दिवसभरात अठरा किलोमीटर फिरून साठापैकी पन्नास पार्सले पोचवीत असे. त्याचा रोज ४५० रुपये, गाडीचे ५८ रुपये, एकूण ५०८. म्हणजे पोचलेल्या पार्सलामागे दहा रुपये खर्च आणि चौदा रुपये उत्पन्न. दिवसाला सुमारे १९२ रुपये शिल्लक राहत होते आणि याच शिलकेतून खोलीचे भाडे, वीज आणि इंटरनेट भागवायचे होते. येलदरी रस्त्याचे चित्र निराळे होते. येलदरी धरणापर्यंतचा रस्ता पंधरा किलोमीटरच्या आत-बाहेर असला तरी आडवाटेची गावे, तांडे आणि शेतातल्या वस्त्या धरून फेरी बावन्न किलोमीटरची होत असे. पार्सले चौदा, त्यांतली पोचायची नऊ. मुलाचा रोज ४०० रुपये, गाडीचे १६६ रुपये, एकूण ५६६. पोचलेल्या पार्सलामागे ६३ रुपये खर्च आणि १९ रुपये उत्पन्न. एका फेरीत ३९५ रुपयांचा तोटा होता आणि तो भरून काढायला शहरातील दोन मुलांची पूर्ण दिवसाची शिल्लकही पुरत नव्हती. त्या रात्री मी भावाला वही दाखवली. त्याने ती दोनदा वाचली आणि एवढेच विचारले की नऊच का पोचतात, चौदा का नाही.

त्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यात आमचे पुढचे वर्ष गेले, आणि माझ्या मते या व्यवसायाचे खरे मर्म त्या परत येणाऱ्या पाच पार्सलांतच आहे. अंतर आम्हाला कमी करता येणार नव्हते. एकदा जाऊन पुन्हा जावे लागणे मात्र काही प्रमाणात टाळता येण्यासारखे होते. म्हणून मी परत आलेल्या प्रत्येक पार्सलाचे कारण लिहू लागले. अ‍ॅपमध्ये 'ग्राहक उपलब्ध नाही', 'पत्ता अपूर्ण', 'ग्राहकाने नाकारले' एवढेच पर्याय होते. माझ्या वहीतील कारणे वेगळी होती.

पत्ता म्हणून 'मारुती मंदिराजवळ' असे लिहिलेले असे, आणि मारुती मंदिर नसलेले गाव आमच्या तालुक्यात मला तरी माहीत नाही. गावात एकाच आडनावाची चाळीस घरे असत आणि त्यांत त्याच नावाचे तीन पुरुष निघत. अनेक पार्सलांवरील फोन क्रमांक गावातला नसेच. त्या घरचा मुलगा पुण्याला, चाकणच्या एखाद्या कारखान्यात असतो. तो आईसाठी मिक्सर किंवा वडिलांसाठी बूट मागवतो आणि स्वतःचा क्रमांक देतो. आमचा मुलगा त्यांच्या दारात उभा असतो, ओटीपी चाकणला जातो आणि तेथे कामाची पाळी चालू असल्यामुळे फोन लॉकरमध्ये असतो. आई समोर उभी आहे, पार्सल तिचेच आहे, तरीही ते देता येत नाही. असे पार्सल परत आणताना मुलांना फार वाईट वाटत असे.

स्त्रियांनी मागवलेल्या पार्सलांची गोष्ट मला फोनवरून अधिक कळत असे, कारण माझा आवाज ऐकल्यावर त्या मोकळेपणाने बोलत. "ताई, मालक शेतात गेलेत, पैसे त्यांच्यापाशी हायेत," हे वाक्य मी किती वेळा ऐकले असेल याची मोजदाद नाही. अशा पार्सलांत बहुतेक ३४९ किंवा ३९९ रुपयांचा कुर्ता असे, आणि घरात रोकड नसताना ती पार्सले नाकारली गेली असे अ‍ॅपमध्ये नोंदवले जाई. सोयाबीन विकले गेले की, म्हणजे दिवाळीच्या मागेपुढे, याच घरांतून पार्सले पहिल्याच फेरीत घेतली जात. जुलै-ऑगस्टमध्ये, पेरणीत पैसा अडकलेला असताना, तीच परत येत. दसऱ्यानंतर दुसराच प्रकार सुरू होई. ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात निघून जात आणि जाण्याआधी आठ दिवस मागवलेला माल कुलूप लावलेल्या घरासमोर पोचत असे. पलीकडून फोन उचलला जाई आणि मागे ट्रॅक्टरचा आवाज येत असे. "आम्ही तर कारखान्यावर आलोत, आता उन्हाळ्यातच येतो," असे कोणी म्हटले की ते पार्सल परत पाठवण्याच्या ढिगात टाकण्यावाचून उपाय नव्हता.

कंपनीच्या नियमाप्रमाणे पार्सल तीन वेळा दारापर्यंत नेणे भाग होते. त्यानंतरच ते परतीला, आमच्या बोलीत आरटीओला (रिटर्न टू ओरिजिन, म्हणजे पाठवणाऱ्याकडे परत), लावता येई. चौदा पार्सलांच्या फेरीत एका पार्सलाच्या एका खेपेला सुमारे चाळीस रुपये पडत होते, म्हणजे तीन खेपांना १२१ रुपये. ३४९ रुपयांच्या न विकलेल्या कुर्त्यामागे आमचे १२१ रुपये गेलेले असत आणि मिळकत शून्य असे. त्यानंतर तोच कुर्ता परभणीमार्गे पुन्हा विक्रेत्याकडे जाई आणि जाण्यायेण्याच्या वाहतुकीचा भार त्या विक्रेत्यावर पडत असे. तो माणूस पुढच्या कुर्त्याची किंमत ठरवताना हे धरणारच. रोख देऊन वेळेवर पार्सल घेणारी बाईसुद्धा न घेतलेल्या पार्सलांचा वाटा भरत असते, फक्त तो पावतीवर वेगळा छापलेला नसतो.

आकारमानाचा त्रास थोडक्यात सांगते. कुरिअरमध्ये लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये मोजून गुणाकाराला सामान्यतः ५००० ने भागतात आणि येणारे वजन खऱ्या वजनाहून जास्त असेल तर तेच धरतात. विक्रेत्याकडून अशा वजनाचे पैसे घेतले जात. आमचा दर मात्र पार्सलावर ठरलेला होता, आकारावर नाही. उशांचा एक खोका मोटारसायकलची मागची सगळी जागा व्यापत असे आणि त्या दिवशी तीन पार्सले खोलीतच राहत.

रोकडीचा धोका याहून मोठा होता. ऐन हंगामात येलदरीचा मुलगा संध्याकाळी सात-आठ हजार रुपये घेऊन अंधारात परतत असे आणि तो येईपर्यंत भाऊ खोलीचे शटर खाली ओढत नसे. दुसऱ्या दिवशी बँक उघडताच रोकड भरली नाही तर उशिराबद्दल कपात होई. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये एका ग्राहकाने ११,४९९ रुपयांच्या मोबाइलच्या खोक्यात साबणाच्या वड्या निघाल्याची तक्रार केली. खोके आमच्याकडे आले तेव्हा त्याची चिकटपट्टी शाबूत होती आणि तसे छायाचित्र आमच्यापाशी होते. कंपनीने तीन आठवडे चौकशी केली आणि ती रक्कम आमच्या बिलातून कापली. माल वाटेत नेमका कोठे बदलला गेला हे कळलेच नाही; पण साखळीतले शेवटचे नाव आमचे होते. त्या महिन्यात माझ्या वहीतील शिल्लक २,१०० रुपये आहे.

मार्चच्या हिशेबानंतर आम्ही येलदरीची फेरी एक दिवसाआड केली. दोन दिवसांची अठ्ठावीस पार्सले एकदम नेली की अठ्ठावन्न किलोमीटरमध्ये वीस पोचत. खर्च ५८६ रुपये, म्हणजे पार्सलामागे २९ रुपये. ६३ वरून आकडा २९ वर आला, यापेक्षा मोठी सुधारणा आम्ही नंतर कधीही करू शकलो नाही, आणि त्यासाठी एकही नवी वस्तू विकत घ्यावी लागली नव्हती. ग्राहकांपैकी कोणी एका दिवसाच्या उशिराची तक्रार माझ्याकडे केली नाही. कंपनीच्या पडद्यावर मात्र आमच्या केंद्राचा रंग हिरव्याचा पिवळा झाला, कारण पार्सल आल्याच्या दिवशीच बाहेर पडले पाहिजे असे गणित वर कोणीतरी ठरवलेले होते. त्या पिवळ्या रंगापायी आमचा महिन्याचा प्रोत्साहन भत्ता गेला. तरीही हिशेब आमच्या बाजूने होता, म्हणून आम्ही एक दिवसाआडच जात राहिलो.

दुसरा उपाय ग्राहकांनीच सुचवला. फोन केला की अनेक जण म्हणत, "तुम्ही कशाला येता एवढ्या लांब, बाजारादिशी मीच येतो अन् घेऊन जातो." आठवडी बाजाराला तालुक्याच्या गावी येणे त्यांना चुकणार नव्हतेच, बियाणे, किराणा, दवाखाना, तहसील अशी चार कामे घेऊन ते काळी-पिवळीने किंवा एसटीने येत असत. जे अंतर कापायला आम्हाला ६३ रुपये लागत, ते अंतर ग्राहक स्वतःच्या कामासाठी आठवड्यातून एकदा कापत होता. मी याद्या करून बाजाराच्या आदल्या दिवशी फोन करू लागले आणि बाजाराच्या दिवशी खोली रात्री आठपर्यंत उघडी ठेवू लागलो. ज्यांना येणे शक्य नव्हते अशा म्हाताऱ्या माणसांसाठी येलदरीतील एका किराणा दुकानदाराशी बोलणी केली. आगाऊ पैसे भरलेलीच पार्सले, तीही ग्राहकाने फोनवर होकार दिल्यावरच, त्याच्याकडे ठेवायची आणि पार्सलामागे त्याला पाच रुपये द्यायचे असे ठरले. संध्याकाळी ग्राहक दुकानात आला की दुकानदार मला फोन लावून देई, ग्राहक स्वतः ओटीपी सांगे आणि मगच पार्सल हातात पडे. ही पद्धत कंपनीच्या नियमांत कोठेही लिहिलेली नव्हती आणि काही गडबड झाली असती तर भरपाई आम्हालाच करावी लागली असती. सुमारे वर्षभरात तशी वेळ एकदाही आली नाही. वडिलांच्या काळच्या डाकसेवकाचे काम आम्ही त्या दुकानदाराकडून करून घेत होतो, हे माझ्या बऱ्याच उशिरा ध्यानात आले.

२०२४ च्या एप्रिलमध्ये करार नव्याने करण्याची वेळ आली, तेव्हा मी वही घेऊन परभणीला गेले. शहराबाहेरच्या पार्सलाला ३५ रुपये, आणि ग्राहकाच्या कारणाने परत आलेल्या पार्सलाच्या एका तरी खेपेला १० रुपये, एवढीच माझी मागणी होती. तेथील अधिकाऱ्याने वही शांतपणे पाहिली, काही पानांची छायाचित्रेही घेतली. हे आकडे खरे आहेत हे त्याने मान्य केले. दर ठरवणे आपल्या हातात नाही हेही त्याने सांगितले, आणि मला ते खरे वाटले. दोन आठवड्यांनी आलेल्या पत्रात शहराबाहेरचा दर २१ रुपये होता. परतीच्या खेपेचा उल्लेख नव्हता. आम्ही जूनअखेर काम थांबवण्याची सूचना दिली. अनामत चार महिन्यांनी, ६,३०० रुपये कापून, परत मिळाली.

चार मुलांपैकी दोघांना आमच्या जागी आलेल्या एजन्सीने घेतले. येलदरीचा मुलगा मात्र पुण्याला जायचे म्हणून मोटारसायकल विकायला निघाला आणि विक्रीचा कागद लिहून घेण्यासाठी माझ्याकडे आला. आमच्याकडे लागताना त्याने ती कर्जावर नवी घेतली होती, ८२,००० रुपयांना. गाडीवर त्रेचाळीस हजार किलोमीटरची नोंद होती, त्यांतले चाळीस हजार आमच्या कामाचे. सांधे सैल झालेले, चाकांच्या रिंगा खराब रस्त्याने वाकलेल्या, म्हणून जालन्याच्या व्यापाऱ्याने ३४,००० रुपये देऊ केले होते. मी कागद लिहिता लिहिता थांबले. अठ्ठेचाळीस हजारांना चाळीस हजारांनी भागले तर किलोमीटरला एक रुपया वीस पैसे येतात. टायर, ऑइल, चेन आणि ब्रेक धरून मी ८० पैसे लिहिले होते. गाडी स्वतः झिजते याचा रकाना माझ्या वहीत नव्हता, आणि तो नव्हता म्हणून ते पैसे बत्तीस महिने त्या मुलाने भरले होते. त्याने कधी मागितले नाहीत, बहुधा त्यालाही ते माहीत नव्हते.

मी भावाला बोलावून हे दाखवले. अठ्ठेचाळीस हजार आमच्याजवळ नव्हते. अनामत आल्यावर त्यातले वीस हजार त्याला द्यायचे असे तेथेच ठरले, आणि नोव्हेंबरमध्ये ते त्याच्या खात्यावर पाठवले. वहीत येलदरी रस्त्याच्या पानावर किलोमीटरचा दर ४ रुपये ४० पैसे केला, बावन्नने गुणले, रोज मिळवला, नऊने भागले आणि ६३ चा आकडा खोडून ७० लिहिला.